ऋणाच्या मुळाचा ठावठिकाणा
(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एका गणितशिक्षकाच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानमालेच्या विषयाची निवड चालकांनी माझ्यावर सोपवली, तेव्हा ज्या एका प्रकरणापाशी अकरावीच्या वर्गातील बुद्धिमान मुलेही थबकतात आणि गणितावरील त्यांचा विश्वास पुष्कळदा जेथे प्रथम डळमळतो, तेच प्रकरण आपल्यापुढे मांडावे असे मी ठरवले. ते प्रकरण म्हणजे संमिश्र संख्या आणि त्यांचे कागदावरील स्थान. उणे एकला वर्गमूळ नसते, असे ज्या मुलाला दहावीपर्यंत बजावून सांगितले, त्यालाच पुढच्या वर्षी सांगण्यात येते की, ते आहे असे धरून चाल, त्याला ‘आय’ म्हण, आणि स्वाध्यायातील उदाहरणे सोडव. मूल उदाहरणे सोडवते, गुणही मिळवते. परंतु ही संख्या असते तरी कोठे, या त्याच्या मनातील प्रश्नाची दखल कोणी घेत नाही. माझे म्हणणे असे आहे की, हा प्रश्न पोरकट नाही. युरोपातील थोर गणितज्ञांना तो सुमारे अडीचशे वर्षे छळत होता. त्याचे उत्तर अखेर मिळाले ते आकृतीतून मिळाले. आणि म्हणून वर्गातही ते आकृतीतूनच, आणि पहिल्याच दिवशी, मिळाले पाहिजे.

या नगरात हा विषय मांडताना दूरदेशीची वाट धरण्यापूर्वी जवळच्या काही ठिकाणी थांबणे मला अगत्याचे वाटते. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट घराण्यातील कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीशी निगडित आहे, त्याच घराण्यातील अमोघवर्ष नृपतुंगाच्या राजवटीत, इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या मध्यास, महावीर नावाच्या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. धनाचा वर्ग धन, ऋणाचा वर्गही धन, हे सांगून त्याने निवाडा दिला की, ऋण राशी ही स्वभावतःच वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नाही. त्यानंतर तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त तोच निवाडा कायम केला.

भास्कराचार्यांच्या वंशाचा तर यादवांच्या देवगिरीशी साक्षात संबंध आहे. येथून निघून कन्नडचा घाट उतरले, म्हणजे गौताळ्याच्या रानाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी लागते. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी होता, नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून या चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापला, ही सारी हकिकत त्या लेखातून कळते. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ साली त्या मठाला उत्पन्न लावून दिले, आणि त्या उत्पन्नाचा तपशील लेखाच्या अखेरीस त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे. एका गणितज्ञाच्या ग्रंथांच्या पठनासाठी राजसत्तेने सनद द्यावी आणि ती दगडावर कोरून ठेवावी, ही घटना मला कोणत्याही विजयस्तंभापेक्षा मोलाची वाटते.

महावीर आणि भास्कराचार्य यांचा निवाडा चुकीचा नव्हता, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. संख्या म्हणजे एका रेषेवरील माप, एवढाच अर्थ घेतला तर तो निवाडा आजही अबाधित आहे. शून्यापासून उजवीकडे धन मापे, डावीकडे ऋण मापे. यांतील कोणत्याही मापाला त्याच मापाने गुणा, उत्तर उजवीकडेच येते. तेव्हा उणे एकचे वर्गमूळ त्या रेषेवर नाही, हे निर्विवाद. प्रश्न एवढाच उरतो की, रेषेच्या बाहेर शोधण्याचे कोणाच्या मनात आले का.

येथे ‘लीलावती’तील एक त्रिकोण मी आपल्याला काढून दाखवतो, कारण त्याच्याइतके या विषयाला जवळचे उदाहरण मला दुसऱ्या कोणत्याही प्राचीन ग्रंथात आढळलेले नाही. त्रिकोणाची भूमी नऊ, आणि दोन भुजा दहा व सतरा. माथ्यावरून भूमीवर लंब टाकायचा आणि त्या लंबाने होणारे भूमीचे दोन खंड, म्हणजे आबाधा, काढायच्या. रीतीप्रमाणे हिशेब केला तर एक आबाधा येते पंधरा, आणि दुसरी येते उणे सहा. भूमीच मुळी नऊ असताना तिचा खंड पंधरा कसा, आणि ऋण खंड म्हणजे काय, असे विद्यार्थ्याला वाटणार हे ओळखून भास्कराचार्य सांगतात की, ही आबाधा ऋण आहे म्हणजे ती विरुद्ध दिशेला आहे. आकृती काढताच शंका उरत नाही. भूमीचे पश्चिमेकडील टोक शून्य समजा, पूर्वेकडील टोक नऊवर. लंब त्रिकोणाच्या आत पडतच नाही, तो शून्याच्याही पश्चिमेला सहा मापांवर पडतो, आणि त्याची उंची भरते आठ. क्षेत्रफळ छत्तीस. सहा आणि आठ यांचा कर्ण दहा, पंधरा आणि आठ यांचा कर्ण सतरा. दोन्ही भुजा बरोबर जुळतात. आजच्या ग्राफ पेपरवर या माथ्याचे स्थान काय लिहाल? पश्चिमेला सहा, उत्तरेला आठ. संमिश्र संख्येच्या लिपीत हेच लिहायचे तर: −६ + ८आय. म्हणजे जो बिंदू आज आपण संमिश्र प्रतलात स्थापन करतो, तो आकृतीच्या रूपाने बाराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. मात्र त्या बिंदूला संपूर्णपणे एकच संख्या समजावे, आणि तिची बेरीज-गुणाकार करावा, ही कल्पना तेथे नाही.

भास्कराचार्यांच्या या एका वाक्याचा विस्तार सुमारे साडेचारशे वर्षांनी कृष्ण दैवज्ञाने केला. हा विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामाहून काशीस गेलेल्या घराण्यातला. ‘बीजगणिता’वरील आपल्या ‘बीजपल्लव’ या टीकेत तो म्हणतो की, ऋणत्व तीन प्रकारचे असते, देशाचे, काळाचे आणि वस्तूंचे, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वैपरीत्य एवढाच. पूर्वेचे विपरीत पश्चिम; कारण एकाच रेषेत असलेली जी दुसरी दिशा, तीच विपरीत दिशा होय. किती नेमके प्रतिपादन आहे! शून्यापलीकडच्या संख्यांविषयी युरोपातले विद्वान त्या काळी अद्याप साशंक होते, आणि इकडे हा ज्योतिषी ऋण संख्येला नकाशावर जागा देत होता. परंतु ‘एकाच रेषेत’ हीच त्या विचाराची हद्दही ठरली. पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला मनुष्य पश्चिमेकडे वळतो तेव्हा मध्ये कोठेतरी त्याचे तोंड उत्तरेकडे झालेले असते. त्या मधल्या क्षणाचा विचार कृष्ण दैवज्ञाने केला नाही. ऋण म्हणजे अर्धे वळण, हे त्याच्या हाती आले होते. त्या वळणाचे दोन सारखे भाग करणे राहून गेले.

आपल्या मराठवाड्यातील पाथरी, म्हणजे जुने पार्थपूर, येथेही ही परंपरा नांदत होती. ‘सिद्धान्तसुंदर’कार ज्ञानराज पार्थपूरचा, आणि त्याचा पुत्र सूर्यदास याने ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका १५३८ साली लिहिली. या सालाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पाथरीत ही टीका पुरी झाल्यावर अवघ्या सात वर्षांनी, १५४५ मध्ये, इटलीतील जिरोलामो कार्दानो या वैद्यक आणि गणित दोन्ही जाणणाऱ्या पंडिताने आपल्या ‘आर्स मॅग्ना’ या ग्रंथात तो प्रश्न मांडला, ज्याच्यापासून संमिश्र संख्यांची कथा सुरू होते.

प्रश्न साधा आहे. दहाचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार चाळीस व्हावा. पाच-पाच केले तर गुणाकार पंचवीस. सहा-चार केले तर चोवीस. भाग जितके विषम करावे तितका गुणाकार घटतो. तेव्हा पंचविसाच्या वर जाणे अशक्य. तरीही कार्दानोने वर्गसमीकरणाची रीत चालवली आणि उत्तर काढले: पाच अधिक उणे पंधराचे वर्गमूळ, आणि पाच वजा उणे पंधराचे वर्गमूळ. बेरीज दहा, गुणाकार पंचवीस अधिक पंधरा, चाळीस. हिशेब बिनचूक, पण हा व्यवहार जितका सूक्ष्म तितकाच निरुपयोगी आहे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले. आज आपण त्याच उत्तरांना कागदावर बसवू. पूर्वेकडे पाच मापे जा, आणि तेथून काटकोनात उत्तरेकडे पंधराच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे ३.८७ मापे जा. दुसरा बिंदू तितकाच दक्षिणेकडे. दोन्ही बिंदू शून्यापासून सारख्या अंतरावर आहेत, आणि त्या अंतराचा वर्ग पंचवीस अधिक पंधरा, म्हणजे नेमका चाळीस. दहाच्या दोन भागांना रेषेवर राहून चाळीस गाठता येत नव्हते, म्हणून ते रेषा सोडून एक वर आणि एक खाली गेले, एवढाच त्या गूढ उत्तराचा अर्थ. हे चित्र कार्दानोपाशी असते तर त्याने ‘निरुपयोगी’ हा शेरा मारला नसता असे मला निश्चित वाटते.

१५७२ मध्ये राफाएल बॉम्बेल्लीने या संख्यांची गरजच सिद्ध केली. एका संख्येचा घन हा तिच्या पंधरापटीत चार मिळवून येतो, तर ती संख्या कोणती? चार, हे उत्तर डोळ्यांना दिसते. पण घनसमीकरणाच्या सूत्राने त्या चारपर्यंत पोहोचायचे तर वाट उणे एकशे एकवीसच्या वर्गमुळातून जाते. बॉम्बेल्लीने ती वाट नेटाने चालून दाखवली. पुढे ऑयलरने या संख्यांचे अद्भुत व्यवहार केले. पण व्यवहार वाढला म्हणून शंका मिटली नाही. नाणे चलनात होते, टांकसाळ कोणाला सापडलेली नव्हती.

ती सापडली एका भूमापकाला, आणि या गोष्टीचे मर्म दखनच्या लोकांनी विशेष ओळखावे. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच नगर, वसवणाऱ्या मलिक अंबरची जमाबंदी, आणि पुढे औरंगजेब दखनचा सुभेदार असताना मुर्शिद कुली खानाने जरीब टाकून करवलेली मोजणी, यांची आठवण या प्रांताच्या महसुली दफ्तरात दीर्घकाळ राहिली. मोजणी करणाराचे काम कसे चालते? एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती अंतर, आणि कोणत्या दिशेने, या दोन गोष्टी त्याला प्रत्येक टप्प्याला नोंदवाव्या लागतात. नुसते अंतर नोंदवले तर शिवाराची हद्द कधीच पुरी होत नाही. कास्पर व्हेसेल हा १७४५ मध्ये नॉर्वेत जन्मलेला मनुष्य आयुष्यभर डेन्मार्कच्या जमिनींची त्रिकोणमापनाने पाहणी करत होता. त्याला हवे होते असे बीजगणित, ज्यात लांबीबरोबर दिशेचाही हिशेब एकाच वेळी होईल. १० मार्च १७९७ रोजी कोपनहेगनच्या शास्त्रीय अकादमीपुढे त्याचा निबंध वाचला गेला, आणि १७९९ मध्ये तो छापला गेला.

व्हेसेलने दोन नियम घातले. बेरीज करायची तर दुसरा टप्पा पहिल्याच्या शेवटापासून सुरू करायचा आणि आरंभापासून अखेरच्या खुणेपर्यंत सरळ रेषा ओढायची. हे तर प्रत्येक मोजणीदार जाणतो. अपूर्व होता तो गुणाकाराचा नियम: लांब्यांचा गुणाकार करायचा आणि दिशांच्या कोनांची बेरीज करायची. या नियमाची परीक्षा पाहा. उणे एक म्हणजे लांबी एक, कोन १८० अंश. त्याला त्याच संख्येने गुणले तर लांबी एक, कोन ३६० अंश, म्हणजे पुन्हा अधिक एक. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हा शाळेत पाठ करून घेतलेला नियम येथे डोळ्यांपुढे फिरताना दिसतो. आता वर्गमूळ पाहू. अशी कोणती लांबी, की तिचा स्वतःशी गुणाकार एक? एक. असा कोणता कोन, की त्याची दुप्पट १८० अंश? नव्वद. म्हणजे शून्यापासून काटकोनात उत्तरेकडे एक माप चला. तेथे उणे एकचे वर्गमूळ उभे आहे. दक्षिणेकडे एक मापावर त्याचा जोडीदार आहे. भास्कराचार्यांच्या त्रिकोणाचा माथा, −६ + ८आय, याला ‘आय’ने गुणा, उत्तर येते −८ − ६आय. पश्चिमेला आठ, दक्षिणेला सहा. लांबी पूर्वीइतकीच दहा, आणि संपूर्ण त्रिकोण एका काटकोनातून वळलेला. नऊची आडवी भूमी आता शून्यापासून उत्तरेकडे उभी आहे. गुण्या आणि कोनमापक हाती घेऊन हे कोणालाही पडताळता येईल.

व्हेसेलचा निबंध डॅनिश भाषेत होता, आणि तो सुमारे शंभर वर्षे कोणी वाचला नाही. दरम्यान १८०६ मध्ये पॅरिसला याच कल्पनेची एक पुस्तिका लेखकाच्या नावाशिवाय निघाली. तिच्यातील विचार लेजांद्रने एका स्नेह्याला पत्राने कळवला, त्या स्नेह्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत त्याचा भाऊ जाक फ्रांसे याला तो सापडला, आणि त्याने १८१३ मध्ये तो प्रसिद्ध करून लिहिले की, हा मूळ विचार माझा नव्हे, ज्याचा असेल त्याने पुढे यावे. तेव्हा त्या पुस्तिकेचा लेखक आर्गां पुढे आला, आणि आकृतीला त्याचे नाव लागले. परक्याचे श्रेय परक्याला पोहोचावे म्हणून जाहीर हाक देणारा हा फ्रांसे माझ्या मनात आर्गांइतकाच आदरणीय आहे. १८३१ मध्ये गाउसने या प्रतलाचा पुरस्कार केला, आणि मग शंका कायमच्या मिटल्या.

आता पुन्हा ‘लीलावती’कडे येतो, कारण तेथे आणखी एक आकृती आहे. ३, ४, ५ आणि ५, १२, १३ हे दोन काटकोन त्रिकोण घेऊन, एकाच्या कर्णाने दुसऱ्याच्या भुजा आणि कोटी, म्हणजे काटकोनाच्या दोन बाजू, गुणून, भास्कराचार्य २५, ३९, ६० आणि ५२ बाजूंचा चौकोन रचतात, आणि त्याचे कर्ण सोप्या रीतीने काढून देतात: भुजाभुजांचा आणि कोटीकोटींचा गुणाकार मिळवला की ६३, आणि भुजाकोटींचे तिरकस गुणाकार मिळवले की ५६. आता त्या दोन त्रिकोणांना संख्या समजून ग्राफ पेपरवर घ्या: ४ + ३आय आणि १२ + ५आय. त्यांचा गुणाकार ३३ + ५६आय. दुसऱ्या संख्येची दिशा उलट करून, म्हणजे १२ − ५आय घेऊन, गुणाकार केला तर ६३ + १६आय. एका गुणाकाराची उंची ५६, दुसऱ्याचा पाया ६३. ‘लीलावती’चे दोन्ही कर्ण येथे आले. दोन्ही गुणाकारांची लांबी पाच गुणिले तेरा, म्हणजे ६५, आणि तोच त्या चौकोनाभोवतीच्या वर्तुळाचा व्यास. याचे मूळ ब्रह्मगुप्ताच्या सातव्या शतकातील विचारापर्यंत जाते.

यावरून कोणी असा दावा करील की, संमिश्र संख्या आपल्याकडे आधीच होत्या, तर मी त्याला विरोध करीन. त्या नव्हत्या. भास्कराचार्यांनी स्पष्ट शब्दांत नाकारलेली गोष्ट त्यांच्याच नावावर जमा करणे हा त्यांचा गौरव नव्हे. मात्र संमिश्र संख्यांचा गुणाकार ज्या आकृतिज्ञानावर उभा आहे ते ज्ञान या भूमीत शेकडो वर्षे जिवंत होते, पाटणच्या मठात आणि पाथरीच्या घरांत ते शिकवले जात होते, एवढे म्हणणे सत्यही आहे आणि पुरेसेही आहे.

निरुपयोगी ठरवलेल्या या संख्यांवर आज आपल्या नगराचा उदरनिर्वाह चालतो, हेही सांगितले पाहिजे. १८९३ मध्ये शिकागो येथील विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झने प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे सारे हिशेब संमिश्र संख्यांनी करून दाखवले, आणि तेव्हापासून ती रीत जगभर रूढ झाली. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कोणत्याही कारखानदाराला विचारा. वीजबिलावरील पॉवर फॅक्टर त्याला तोंडपाठ असतो. समजा, कारखान्यातील मोटारी ८० किलोवॅट प्रत्यक्ष कामाची वीज घेतात, आणि त्यांच्या चुंबकीय क्षेत्रासाठी ६० केव्हीएआर वीज नुसती ये-जा करते. पूर्वेकडे ८०, उत्तरेकडे ६०. शून्यापासूनचे अंतर १००, आणि तितक्या केव्हीएचा बोजा तारांवर. ८० भागिले १००, पॉवर फॅक्टर ०.८. कारखानदार ४५ केव्हीएआरची कॅपॅसिटर बँक बसवतो, म्हणजे तो बिंदू दक्षिणेकडे ४५ मापे खाली ओढतो; आता उंची उरली १५, अंतर सुमारे ८१.४, आणि पॉवर फॅक्टर ०.९८. काम तेवढेच, बोजा मात्र शंभरावरून एक्याऐंशीवर. पॅनेलपाशी उभा असलेला आयटीआय झालेला मुलगा हे रोज करतो. त्याने केलेली ही वजाबाकी संमिश्र प्रतलातली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते एवढेच.

म्हणून या सभागृहात जे गणिताचे शिक्षक आहेत त्यांना, आणि विशेषतः मराठवाड्याच्या तालुक्यातालुक्यांत शिकवणाऱ्यांना, माझी एक विनंती आहे. अकरावीत हे प्रकरण सुरू कराल त्या दिवशी ‘आय’ची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या हाती ग्राफ पेपर द्या, ‘लीलावती’तील नऊ, दहा आणि सतराचा त्रिकोण काढवून घ्या, आणि तो काटकोनातून फिरवून नव्या माथ्याचे स्थान वाचायला सांगा. एका तासाहून अधिक वेळ त्याला लागत नाही. सूत्रे दुसऱ्या दिवशी सांगता येतील.